तिसऱ्या रकान्याचा फळा

मित्रांनो, शाळेत तुम्ही रोज फळ्याकडे बघता. आज एक फळा तुमच्याकडे बघून बोलणार आहे. वयाने मी तुमच्या आईवडिलांच्या बरोबरीचा. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे, रंग जागोजागी विटला आहे आणि माझ्या अंगाला खडूबरोबर लाल भाजीचाही वास येतो. तो वास मला कसा लागला, ते सांगतो.

कुडाळच्या एका सुताराने मला घडवले. चौकट फणसाच्या लाकडाची, म्हणून अजून तिला कीड लागलेली नाही. मालवणजवळच्या एका गावात, प्राथमिक शाळेच्या भिंतीवर मी पंचवीस वर्षे टांगलेला होतो. पाढे, कविता, नद्यांची नावे, सगळे माझ्या अंगाखांद्यावर खेळले. मग शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला आणि मला मागच्या पडवीत लाकडांच्या राशीला टेकवून ठेवले. दोन पावसाळे मी तिथे काढले. माझ्या आडोशाला एक कोंबडी अंडी घालायची. ती बिचारी चांगली होती, पण तिला वाचता येत नव्हते.

त्या पडवीतून मला बाहेर काढले किशोरीने. ती लहानपणी माझ्यासमोरच मुळाक्षरे शिकली होती. आता तिने मालवणात रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. आसपासच्या वाड्यांतल्या चाळीस बायकांच्या परसातली भाजी ती टेंपोने गोळा करायची आणि खानावळी, हॉटेले आणि रिसॉर्टना पोचवायची. गुरुजींची परवानगी घेऊन तिने मला त्याच टेंपोत, केळफुलांच्या शेजारी ठेवले. कोळशाची पूड वाटून माझे अंग काळे केले आणि शेडच्या दर्शनी भिंतीवर मला टांगले.

दर रविवारी सकाळी ती माझ्यावर तीन रकाने आखायची. पहिल्यात भाजीचे नाव, दुसऱ्यात या आठवड्याचा भाव. एवढे तर कुठेही मिळते. पण तिसरा रकाना फक्त तिचा होता. त्यात ती पुढचा आठवडा लिहायची. 'शिराळी भरपूर, भाव उतरेल.' 'भेंडी संपत आली, आताच घ्या.' 'कांदा टिकेल.' हे ती मनाने लिहीत नसे. आठवडाभर वाडीवाडीत फिरून कुठे वेल फुलला, कुठे कीड पडली, ते ती बघायची आणि घाटावरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना फोन करून तिकडचा पाऊस विचारायची. मग माझा फोटो काढून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायची.

पहिल्या दिवशी खानावळवाले गुरुदास माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "किशोरी, भाजी इकतंस की पंचांग सांगतंस?"

"पंचांगाक दक्षिणा लागता, गुरुदासानू. ह्यां फुकट आसा!"

पण महिन्याभरात गुरुदासांच्या खानावळीतली रविवारची पाटी मला बघून ठरू लागली. भाव उतरणार असेल ती भाजी ते ताटात वाढवत, चढणार असेल ती कमी करत. वाया जाणे थांबले. मला, एका टाकून दिलेल्या फळ्याला, लोक वाट वाकडी करून बघायला येऊ लागले. माझी छाती चौकटीत मावेना.

आणि मग गेल्या वर्षी संकट आले. घाटावरचा एक मोठा पुरवठादार मालवणात उतरला. वर्षभर सगळ्या भाज्या ठरलेल्या भावात, फोनवर बटण दाबा आणि भाजी दारात. एकेक गिऱ्हाईक तिकडे सरकले. गुरुदाससुद्धा खाली मान घालून गेले. शेवटी किशोरीच्या हातात मोजकीच माणसे उरली. समुद्रकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टचे व्यवस्थापक सत्यवान यांनी मात्र तिला एक संधी दिली.

"चतुर्थीचा आठवडा तुमच्याकडून घेऊन बघतो," ते म्हणाले. ते देवगडजवळच्या जामसंड्याचे, पण कामावर असले की शुद्ध पुस्तकी बोलत. "सगळे वेळेवर आले, तर वर्षभराची भाजी तुमची. नाही जमले, तर आम्हीही त्या पुरवठादाराकडे जाऊ."

रिसॉर्ट गेले असते, तर टेंपोचा खर्च भागला नसता, शेड बंद झाली असती आणि चाळीस परसांतली भाजी पुन्हा रस्त्याकडेला टोपलीत सुकत बसली असती. माझे काय झाले असते, ते त्या कोंबडीला विचारा.

मित्रांनो, गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे मासळीला सुट्टी असते. घरोघरी मुंबईचे पाहुणे, आणि प्रत्येक ताटात भाजी. त्यामुळे त्या रविवारी माझ्या तिसऱ्या रकान्यात 'चढेल, चढेल' असेच शब्द होते. फक्त एका ओळीत किशोरीने दिमाखात लिहिले, 'तवशी साठ किलो. भरपूर.' तवशी म्हणजे आमच्याकडच्या जाडजूड गावठी काकड्या. तिने चार दिवसांपूर्वी बांधावरून, छत्री धरून, वेलांवरची तवशी मोजली होती. फोटो गेला आणि सत्यवानांनी लगेच शुक्रवारच्या जेवणात धोंडस ठरवले. धोंडस म्हणजे तवसे किसून, गूळ घालून, खरपूस भाजलेला आमचा गावठी केक. ऐंशी पाहुण्यांना तसे कळवलेही.

तासाभराने काशीबाई हळदीच्या पानांचा भारा घेऊन शेडमध्ये आल्या. चाळीस बायकांत त्या सगळ्यांत मोठ्या. भारा खाली टेकवून त्यांनी विचारले, "काय लिवलंस गो आज?"

किशोरीने वाचून दाखवले. तवशांच्या ओळीवर काशीबाई हसत सुटल्या.

"साठ किलो? खंयसून हाडतलंस? अगो, देठ बघलंस काय? सगळ्यांक दोरो बांधलेलो आसा. ती माटवीची तवशी!"

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगतात. तिला परसातली फळे, तवशी, पडवळ, दुधी, जे जे चांगले पिकले ते बांधतात. काशीबाईंच्या वाडीत त्यासाठी ठेवलेल्या फळाच्या देठाला आधीच पांढरा दोरा बांधतात. दोरा दिसला की त्याला कोणी हात लावत नाही, आणि विकत तर नाहीच नाही. किशोरी त्याच मातीतली. पण तिने घाईत फळे मोजली, पाने उचलून देठ बघितला नाही.

"काशीकाकी, चार-पाच घरांनी तरी दिली तर?"

"माझ्याकडे मागतंस, तां देवाकडचां मागल्यासारख्यां झालां. देवाचां इकूचां नसता, बाय."

शेडच्या दारात एस्पेरांसा उभ्या होत्या. त्या आपल्या घरी येणाऱ्या पर्यटकांना जेवण करून घालायच्या, आणि त्यांनी किशोरीला कधी सोडले नव्हते. त्या हळूच म्हणाल्या, "पूस ती ओळ. वेलांक कीड पडली म्हणान लिव, नवो फोटो धाड. कोणाक कळतलां?"

किशोरीने ओले फडके हातात घेतले. मला ते फडके गालाला लागलेले अजून आठवते. मग तिने फडके बाजूला टाकले, खडू उचलला आणि त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. तवशांचे नाव खाली नीट वाचता येत होते. शेजारी तिने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'माझी चूक झाली. ही तवशी माटवीची आहेत. या आठवड्यात मिळणार नाहीत.'

"पिशी काय तू?" एस्पेरांसा म्हणाल्या. "तो सत्यवान उद्याच पळतलो!"

"पळूं दे. पण ह्या फळ्यार खोटां लिवलंय, तर पुढच्या रविवारी माझां खरां कोण वाचतलो?"

एस्पेरांसांनी काशीबाईंच्या भाऱ्यातले एक हळदीचे पान उचलून नाकाशी धरले. "मगे धोंडसाबदली पातोळे लिव. हळदीची पानां ढीगभर आसत. आमी पंधरा ऑगस्टाक सायबिणीच्या फेस्ताक करतों, तुमी चतुर्थीक करतास. रिसॉर्टवाल्यांनी एकदा करून बघूं देत!"

पातोळे म्हणजे हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापून, गूळ-खोबरे भरून उकडलेला गोड पदार्थ, आणि सायबीण म्हणजे मेरीमाता. तिघी हसल्या. मग त्या एका ओळीखाली नव्या ओळी भराभर उतरल्या. हळदीची पाने भरपूर. नीरफणस, सुरण, केळफूल, लाल भाजी, शिराळी, किती किलो आणि कोणत्या दिवशी. या वेळी किशोरीने प्रत्येक घरी फोन करून विचारले आणि मगच लिहिले. सगळ्यांत शेवटी टोमॅटोच्या तिसऱ्या रकान्यात लिहिले, 'घाटात फार पाऊस आहे. गुरुवारनंतर भरवसा नाही. बुधवारीच घ्या किंवा कोकम वापरा.'

फोटो गेला. लगेच सत्यवानांचा फोन आला. तिने तो माझ्यासमोरच उचलला. पलीकडचा आवाज चढलेला होता. ती एवढेच म्हणाली, "हो साहेब, चूक माझीच. पण आज रविवार आहे. शुक्रवारपर्यंत तुम्हाला पाच दिवस मिळाले."

शेवटी त्यांनी धुसफुसतच धोंडसाऐवजी पातोळे आणि टोमॅटोऐवजी कोकम ठरवले.

शुक्रवारी सकाळी बातमी आली. घाटात दरड कोसळली होती. ट्रकांच्या रांगा वर अडकल्या आणि त्या पुरवठादाराची गाडीही त्यांच्यातच. भाव ठरलेला होता, पण भाजीच नव्हती. मालवणातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत बटाट्याशिवाय काही उरले नाही. सकाळी नऊच्या सुमाराला गुरुदास स्वतः छत्री मोडेपर्यंत धावत आले.

"किशोरी, शिराळी आसत? लाल भाजी? काय पण दी गो!"

"पंचांग बघूक इलास?"

"बघतंय, बघतंय! चष्मो घालून बघतंय!"

चाळीस परसे त्या दिवशी रिती झाली. काशीबाईंनी नीरफणस उतरवायला गडी लावला. टेंपो तीनदा भरला. सगळ्यांत आधी रिसॉर्टचा माल गेला, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी.

शनिवारी दुपारी सत्यवान शेडमध्ये आले. बुटांना चिखल लागला होता. ते सरळ माझ्यापुढे आले आणि ती खोडलेली ओळ, तिच्या शेजारची कबुली, खालचा टोमॅटोचा इशारा, सगळे त्यांनी पुन्हा एकदा वाचले. किशोरी हात पुसत उभी होती.

"आजूबाजूच्या तीन हॉटेलांत काल जेवण रद्द झाले," ते म्हणाले. "आमच्याकडे ऐंशी माणसे जेवली. कोकमाची आमटी दोनदा मागितली. आणि पातोळे..." इथे साहेबांचे पुस्तकी बोलणे अचानक संपले. "माझी आवस करी तशेच झाले गो! वीस वर्सांनी खाल्लंय!"

आवस म्हणजे आई. काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. सत्यवान किशोरीकडे वळले. "भाव तर सगळेच सांगतात. पण स्वतःची चूक आधी सांगणारा माणूस मला पुरवठादार म्हणून हवा. वर्षभराची भाजी तुमची. आणि आमचा मेनू रविवारी हा फळा बघितल्याशिवाय छापणार नाही."

एस्पेरांसांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की छपरावरचे कावळे उडाले. त्या आठवड्यानंतर गेलेली गिऱ्हाइके एकेक करून परत आली. आज सत्तावीस स्वयंपाकघरे दर रविवारी माझी वाट बघतात. पंचवीस वर्षे मुलांनी मला वाचले, पण इतक्या भुकेने मला कोणी वाचले नव्हते!

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या पडवीत माझ्यासारखा एखादा जुना फळा धूळ खात पडला असेल, तर त्याला उन्हात आणा, कोरड्या फडक्याने पुसा, कोळशाचा एक हात द्या आणि त्याला नवे काम शोधा. त्याच्यावर जे लिहाल, ते नीट पारखून लिहा. तरीही चुकलात, तर घाबरून पुसायला धावू नका. वर एक सरळ रेघ मारा आणि शेजारी खरे काय ते लिहा. आम्हा फळ्यांना खोडलेल्या ओळीची लाज वाटत नाही. आम्ही ती मानाने मिरवतो.

चला, खडूचा आवाज येतोय. आज रविवार आहे.