बडगीतलं भरीत

ठक्क.

भर दुपार, वीज गेलेली. माझ्या लेकीला, मृणालीला, थोपटून थोपटून नुकतं निजवलं होतं. समोरच्या घराच्या ओट्यावर कुणीतरी लाकडाचं काहीतरी उपडं टाकलं, आणि मी आवाजावरूनच ओळखलं. जड, आतून कोरलेलं. भरीत ठेचायची बडगी.

पडदा सारून पाहिलं. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि उपड्या बडगीवर, स्टुलावर बसावं तशी, एक म्हातारी बसली होती. नशिराबादच्या सुनंदाबाई. दात गेले होते. हनुवटी मात्र तशीच वर.

त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. माझी आई, लिलाबाई, त्यांच्या मळ्यात कामाला जायची आणि मी तिच्या पदराला धरून. कामाच्या बाईच्या पोरीचं तोंड कोण लक्षात ठेवतं?

हिवाळ्यात त्या मळ्यात भरीत-पार्टी व्हायची. वांगी माझी आई भाजायची. पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या, जाळावर लिलासारखं वांगं कुणाला भाजता येत नाही, असं सुनंदाबाई स्वतः पाहुण्यांना सांगत. पण भाजून झालं की आईने उठून लांब बसायचं. सोलणं, ठेचणं घरच्यांनी. जाळातून निघालेलं चालत होतं, बडगीला आमचा हात चालत नव्हता. मी तेव्हा मृणालीएवढी असेन. वाफेचा, लसणाचा वास आला आणि मी जाऊन मुसळी धरली. सुनंदाबाईंनी बडगी उचलली, सगळं भरीत म्हशीपुढे ओतलं आणि म्हणाल्या, "लिला, पोरीले सांभायता येत नही का तुले?"

आईने सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढीच. आई गेली, ती थप्पड माझ्याकडे राहिली.

आता त्या इथे, जळगावात, माझ्या दारासमोर राहायला आल्या होत्या.

त्यांची सून नूतन बँकेत, मुलगा हितेंद्र फिरतीवर. डब्याचं जेवण यायचं, ते सुनंदाबाई तसंच परत पाठवायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची, मीही म्हणू लागले. एक दिवस मी कैरीचा तक्कू आणि उडदाच्या घुट्यात चुरलेली मऊ भाकरी पाठवली. ताट चाटूनपुसून परत आलं. मागोमाग ओट्यावरून हाक, "कोन वं तू? आडनाव काय तुहं?"

"सोनवणे, अक्का."

सोनवणे आमच्या खान्देशात सगळ्याच जातींत असतात. अक्कांनी आपल्या सोयीचे सोनवणे धरले. मी ते धरू दिले. आमच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, तो मी एक दिवसही झाकला नाही. अक्कांचे गुडघेच त्यांना आमची पायरी चढू देत नव्हते. नूतन ताट परत द्यायला आली, तिने मात्र फोटो पाहिला. दारातच थबकली, मग हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्ही अक्कांना सांगू नका हं. जेवतात तरी."

जेवतात तरी! त्या दिवशी माझ्या मनात सगळं पक्कं झालं.

त्याच संध्याकाळी सांगता आलं असतं. पण मला एका ताटाचा सूड नको होता. मला अख्खं वर्ष त्यांच्या पोटात घालायचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस पाठवला. उन्हात ज्वारीच्या पापडांचे, बिबडे घातले, तेव्हा अर्धवट वाळलेले बिबडे त्यांनी मागून मागून खाल्ले. पावसाळ्यात कर्टुले बाजारात आल्या आल्या, महाग असतानाच घेतले. नवा उडीद आला तशी दळणाची ज्वारी आणि उडीद एकत्र करून कळण्याची भाकरी केली. मीठ हाताने, पीठ हाताने. चमचा मुद्दाम वापरत नसे.

वाटी मृणाली न्यायची. रस्ता ओलांडताना जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी सांभाळत. "आजी, गरम आहे, फुंक." अक्का फुंकायच्या. मग पहिला घास तिलाच भरवायच्या, आपल्याच ताटातला. खिडकीतून ते बघताना मृणालीला हाक मारून परत बोलवावंसं वाटायचं. तरी मी जागची हलत नव्हते. जेवढं गोड, तेवढं उद्या कडू लागेल, असं स्वतःला सांगायचे.

आकाश, माझा नवरा, नरडाण्याला कंपनीत असतो, रविवारी येतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या डोक्यात काय आहे ते सांगून मोकळी हो, नाहीतर सोडून दे. पोरीला त्या म्हातारीचा लळा लागतोय."

"लागू दे," मी म्हटलं.

अक्का चातुर्मासात वांगं खात नाहीत. "चंपाषष्ठी झाली का भरीत करजो वं माय," त्यांनी मलाच बजावून ठेवलं होतं. त्यांना वाटत होतं, वाट त्याच बघताहेत.

चंपाषष्ठी झाली. हिरवी, पांढऱ्या रेघांची भरताची वांगी आणली. बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर पऱ्हाटी पेटवली. अक्का ओट्यावरून सूचना करत होत्या, "देठाकून फिरव. घाई नको करू. हां, आता." मग जाळाकडे बघत म्हणाल्या, "अशी भाजनारी म्या एकच पाह्यली."

"कोण हो?"

"होती आमच्या मयात. लिला. हात होता बाईचा."

धूर डोळ्यांत गेला म्हणून मी तोंड फिरवलं.

वांगी अक्कांच्या ओट्यावर नेऊन सोलली. अक्कांनी बडगी सुलटी करायला लावली, तळलेल्या मिरच्या, लसूण तीत टाकायला लावलं आणि मृणालीला हाक मारली. "ये मृणू, ठेच. माह्या हातात जोर नही. आधी हात धू, चांगले साबन लावून." पोर धावत जाऊन हात धुऊन आली. मुसळी तिच्याहून जड. अक्कांनी तिच्या चिमुकल्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघी ठेचू लागल्या. वांगं पडलं, कांद्याची पात पडली. धप, धप. त्याच बडगीत.

मी ताट वाढलं. अक्कांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "मृणू, तुह्या हाताले चव आहे वं."

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आईवर गेलीय. म्हणजे माझ्या आईवर. अक्का, ती तुमची लिला, ती माझी आई."

ताटातला हात थांबला. तो थांबण्याची मी इतके ऋतू वाट पाहिली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग बडगीकडे, आणि मृणालीच्या बोटांना चिकटलेल्या भरताकडे. भिंत धरून उठल्या, ओट्याच्या कडेच्या नळापाशी गेल्या आणि चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा.

"ही चूळ आजच्या घासाची झाली, अक्का," मी म्हटलं. "कैरीपासून जे खाल्लं, त्याचं काय करता?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं, आत गेल्या. कडी लागली.

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. छाती मोकळी झाली होती. बडगी ओट्यावर तशीच होती, वाफ अजून निघत होती. मी सरळ तीत हात घातला आणि मोठा घास घेतला. तिखट, धुरकट. थेट आईच्या हातचा.

मग मृणाली दिसली. ती बंद दाराकडे बघत उभी होती. हळूच माझ्याजवळ आली, दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरले.

"वास घे ना आई. मी खरंच साबणाने धुतले होते. मग आजीने चूळ का भरली?"