लाल दिवा काढून ठेवला तेव्हा

आष्ट्यात मानसिंगरावांच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिथं भिंतीला टेकून उभी असलेली दमलेली मोटारसायकल म्हणजे मी. मित्रांनो, माझं वय विचारू नका. मला साताऱ्याहून आणलं तेव्हा मानसिंगराव पलटणीत नवे होते आणि मागच्या सीटवर बसलेल्या मनुबाईंच्या अंगावरची हळदही उतरली नव्हती.

माझ्या हँडलजवळ एक लाल दिवा आहे. किल्ली फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. इंजिन चालू असूनही तो पेटलेलाच राहिला, तर समजावं की डायनॅमो वीज करत नाही आणि मी बॅटरीतलं साठवलेलं खाऊन चालले आहे. मला तोंड नाही. काय दुखतंखुपतं ते त्या दिव्यानंच सांगायचं.

माझेही चांगले दिवस होते. सुट्टीवर आले की मानसिंगराव मला थेट महाबळेश्वरपर्यंत पळवायचे. माझा आवाज ऐकून गल्लीतली माणसं दारात यायची. सुट्टी संपली की मी शेडमध्ये आणि मनुबाई उसात. धारा, वैरण, पाण्याची पाळी, सासूचं आजारपण, सगळं त्या एकट्या ओढायच्या. तरी जाता-येता जुन्या लुगड्याच्या फडक्यानं माझ्यावरची धूळ पुसायच्या. ती माया मी विसरलेली नाही.

पुढं मानसिंगराव पेन्शनीवर आले. रस्त्यावर नव्या हलक्या गाड्या धावू लागल्या आणि माझं कौतुक आटलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तेवढी चंगळ. बादल्यांनी आंघोळ, हळदकुंकू, झेंडूचा हार. मग मानसिंगराव नारळ फोडून त्याचं पाणी भक्तिभावानं माझ्या इंजिनावर ओतत. उजव्या झाकणाखाली माझा डायनॅमो आहे आणि त्या झाकणाचं पॅकिंग केव्हाच कुजलं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. १९९४ सालची खंडेनवमी झाली आणि लाल दिवा विझेना.

मानसिंगराव चिकाटीचे. त्यांनी बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली, कानशीनं घासली. एकेक वायर ओढून पाहिली. बल्ब बदलला, तर नवा बल्ब जास्तच लखलखीत पेटला. उजवं झाकण मात्र उघडलं नाही. जिथं हात जोडून हळदकुंकू वाहिलं तिथंच बिघाड असेल, असं त्यांच्या मनाला शिवलं नाही.

शेडच्या दारात मनुबाई येऊन बसत. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आवं, मला लय थकल्यागत हुतंय. घागर सुदिक उचलंना झालीया."

"हुईल बरं. आदी हिचं बगतो."

असं किती वेळा झालं. माझ्यासाठी अख्खी दुपार आणि मनुबाईंसाठी दोन शब्द. मला मानसिंगरावांचा राग यायचा, पण दिवा पेटवण्यापलीकडं मी काय करणार?

ऊसतोड सुरू झाली, तेव्हा मनुबाईंच्या भाचीचा साखरपुडा निघाला, सांगलीत, विश्रामबागला. निघताना मानसिंगरावांनी लाल दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला.

"पाव्हण्यांम्होरं ह्यो नको पेटाय. हसत्याली."

रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. हॉर्न वाजवून वाजवून माझ्यातली उरलीसुरली वीज संपली आणि निम्म्या वाटेवर मी बंद पडले. मानसिंगराव किक मारून घामाघूम झाले. मनुबाई उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"बल्ब काडला म्हून तिचं दुखनं गेलं का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माजं बी तुमी तसंच केलंसा. मी सांगत व्हते आन् तुमी हुईल बरं म्हनत व्हता."

मानसिंगरावांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं असेल, कुणास ठाऊक. "चुकलं माजं," एवढंच त्यांना बोलता आलं.

गावचा नाथाजी ट्रॅक्टर घेऊन मागून येत होता. मानसिंगरावांनी मनुबाईंना त्यावर बसवलं, मला तिथंच बाभळीखाली सोडलं आणि साखरपुडा राहू दे म्हणून ते सरळ सांगलीच्या दवाखान्यात गेले. मनुबाईंच्या अंगात रक्त फारच कमी होतं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर त्या तिथंच होत्या.

त्या घरी आल्यावरच मला आणण्यात आलं. मग उजवं झाकण निघालं. आत हळद, कुंकू आणि नारळाच्या पाण्याचा चिकट राप बसून डायनॅमोचे ब्रश, म्हणजे वीज पुढं पोचवणारे कार्बनचे तुकडे, अडकले होते. पेट्रोलनं धुतल्यावर मी पुन्हा वीज करू लागले.

मित्रांनो, मी थकले आहे, फार दिवस चालणारही नाही. पण एक मागणं आहे. गाडीचा दिवा पेटला तर तो काढू नका, आत बघा. आणि तुमच्या घरात कुणी दमले म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवून त्याच्याजवळ बसा.

हल्ली मानसिंगराव सकाळी मला बाहेर काढतात आणि आधी मनुबाईंना विचारतात, "आज कसं वाटतंय?" त्यांचं सांगून होईपर्यंत ते किल्ली फिरवत नाहीत. मनुबाई मुद्दाम लांबण लावतात. गुडघ्यापासून सुरू करतात, झोपेवर येतात, मग कालच्या भाकरीपर्यंत जातात. ते ऐकत राहतात आणि मी उभी राहते. मला तरी कुठं जायची घाई आहे?