वारसीण

दहाव्याला गावाहून आलेले चुलते येईल त्याला सांगत होते, "उद्धवला वारस नव्हता ना, म्हणून आमच्या सार्थकनं सगळं केलं." सांगताना त्यांचा हात वर्षालीच्या डोक्यावर होता. मायेनेच होता. उद्धवरावांची ती एकुलती एक मुलगी. तिने तो हात बाजूला केला नाही, आणि ती रडलीही नाही.

मग तो शब्द दापोडीच्या त्या दोन खोल्यांत राहायलाच आला. तिने शब्दकोश काढला. वारस : अरबीतून आलेला, पुल्लिंगी. रोजच्या बोलण्यात मात्र माणसं त्याला 'बे' लावूनच वापरतात, हे तिला पहिल्यांदा जाणवलं. बेवारस गाडी, बेवारस कुत्रं, बेवारस पिशवी. वारस जागेवर असला की त्याचं नाव काढायची कुणाला गरज पडत नसावी.

कंपनीतून फोन आला, लॉकर रिकामा करायला वारसाला पाठवा म्हणून. ती बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असताना चाकणच्या बससाठी वडील उभे राहायचे तिथे जाऊन उभी राहिली.

"ताई, ही कंपनीची बस हाय," दारातल्या पिकल्या मिशांच्या माणसाने सांगितलं.

"माहीत आहे. मी उद्धवरावांची मुलगी."

त्याने दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली. मग आत वळून ओरडला, "आरं सरका! अण्णांची वारसीण आली!"

"वारसीण? बबनराव, असा शब्द तरी असतो का?" आतून कुणीतरी विचारलं.

"का न्हाई? शेजाऱ्याची शेजारीण चालती, मालकाची मालकीण चालती. मग वारसीणच तुला टोचती व्हय रं दिग्विजय?"

बस हसली. वर्षाली आत आली. मधल्या वाटेत माणसं दांडीला धरून उभी होती, आणि तरी खिडकीची एक जागा रिकामी होती.

"आमच्यात रीत हाय," बबनराव म्हणाले. "बस सोडून जाणारा आपल्या जागेचा वारस सांगून जातो. अण्णा न सांगताच गेले. मग बसायचं कुणी?"

"मी बसलो होतो एकदा," दिग्विजय म्हणाला. "आख्ख्या बसनं कॉलर धरली, राव."

"आता तुमी सांगा, जागा कुणाची ते," बबनराव वर्षालीला म्हणाले.

वर्षालीने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. नाव घेतलं की जागा गेली. आणि जागा गेली की अण्णा खरोखरच गेले.

"आधी जरा बसते," ती म्हणाली.

काचेवर डोक्याच्या तेलाचा धूसर गोल होता. तिने तिथेच डोकं टेकलं. कितीतरी रात्री न आलेली झोप तिथे जणू तिचीच वाट पाहत होती. भोसरीचे दिवे लांबट होत गेले. मोशीजवळ इंद्रायणीवर धुकं होतं आणि बस पुलावरून न जाता सरळ धुक्यावरूनच चालली होती, बिनआवाजाची. शेजारी अण्णा होते, गणवेशात, तोंड किंचित उघडं टाकून झोपलेले. कुणाची, अण्णा? तिने विचारलं. ते जागे झाले नाहीत. झोपेतच थोडे सरकले, शेजारी कुणी उभं असलं की माणूस सरकतो तसे.

कांद्याच्या वासाने तिला जाग आली. बाहेर कांद्याचे ट्रक उभे होते; चाकण आलं होतं. ती स्वतःच सरकून काचेला चिकटली होती. मधल्या वाटेत एक मुलगी दांडीला लोंबकळत उभ्या उभ्या झोपली होती.

"ही कोण?"

"करिष्मा. लाइनवर नवीन लागलीय."

"जागा हिची."

"हिची?" बबनराव चमकले. "आवो, तिनं अण्णांना बघितलं बी न्हाई!"

"मला विचारलंत ना?"

बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय," ते हळू म्हणाले. "इचारलं."

वर्षाली उठली. करिष्मा अर्धवट झोपेतच बसली, आणि बसल्या बसल्या तिची मान कलली. तिने सोडलेली दांडी वर्षालीने धरली. बस वळणावर झुकली तेव्हा तिचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. गेट येईपर्यंत आख्खी बस, दिग्विजयसुद्धा, डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेऊन राहिली.