पाटावरची गिटार

मी गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी, लाल रंगाची, आणि हळदीकुंकू लागलेली बहुधा माझ्या घराण्यातली पहिलीच.

जन्म कोलकात्याच्या कारखान्यातला. तरुणपण बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका हॉटेलात पार्ट्या वाजवण्यात गेलं. हॉटेलवाल्यांनी कीबोर्ड घेतला आणि मी अडगळीत पडले. तिथून मला अनयने मांजलपूरच्या घरी आणलं. कॉलेजात जाणारा काडीपैलवान, पण बोटं भारी हट्टी. त्याच्याकडे अमेरिकेतल्या ब्लूजची एक कॅसेट होती. त्यात स्वर सरळ लावत नाहीत, तार ओढून त्याला कळ आणतात. अनयने ती इतकी ऐकली की टेप गुंतून बसली. मग ओढाताण माझ्या तारांची सुरू झाली.

"गिटार आहे की दार करकरतंय?" त्याचे बाबा, गोविंदराव, विचारत. ते रिफायनरीत फिटर. हातात पाना असला की माणूस खूष, मी दिसले की कपाळाला आठ्या. अनयची आई, वसुंधराबाई, दोघांच्या मध्ये चहा ठेवून निघून जायच्या.

बडोद्यात वाजवणाऱ्याचं नशीब नवरात्रात उघडतं. शहाण्णव साली सोसायटीमागच्या मैदानावर गरबा भरवणाऱ्या किरीटभाईंनी त्याला साथीला घेतलं. रोज मागे उभं राहून गुमान ठेका धरायचा. शेवटच्या रात्री मात्र मध्यंतरात एकट्याने ब्लूज वाजवायला मिळणार होतं, आयुष्यात पहिल्यांदा. बाबा सोडून सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

नवमीला संध्याकाळी तो मला न्यायला आला आणि दारातच थबकला. खंडेनवमी होती. बाबांनी नेहमीप्रमाणे आपली हत्यारं पाटावर पूजेला मांडली होती. पाने, हातोडी, नट फिरवायच्या गोट्यांचा डबा. आणि मधोमध मी, पुसलेली, हळदकुंकू लावलेली, गळ्यात झेंडूची माळ.

"तुझंही हत्यारच ना हे," बाबा म्हणाले, आणि उगाच निरांजनाची वात सारखी करू लागले.

मला भरून आलं. अनयचा मात्र चेहरा उतरला. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नसतं. उचललं तर आज कुठे विरघळलेले बाबा दुखावणार, न उचललं तर रात्र हातची जाणार.

"आई, काय करू गं?"

"त्यांनाच सांग. पूजा त्यांची आहे."

त्याने चाचरत सगळं सांगितलं. ऐकून बाबा उठले.

"पाटावरून उचलायची नाही. पाट उचलायला कोण नाही म्हणतंय? धर तिकडून."

एका बाजूला बाप, एका बाजूला लेक. पाने-हातोडीसकट माझी वरात मैदानावर पोचली. "अरे, आ शुं लाव्या?" हे काय आणलंत म्हणत किरीटभाईंनी कपाळाला हात लावला.

मध्यंतरात मी पाटावर आडवी, अनय समोर मांडी घालून. अशा बैठकीत तारा दाबणार कशा? कॅसेटवरच्या चित्रातला म्हातारा बोटात नळी घालून ती तारांवर घसरवताना दिसायचा. अनयने डब्यातली गोटी, नट फिरवायची ती पोकळ लोखंडी नळी, बोटात चढवली. गोटी उचलली गेली खरी, पण बाबा तेव्हा मुद्दाम मांडवाच्या दिव्यांकडे बघत होते.

त्या रात्री मी जशी बोलले तशी पुन्हा कधी बोलले नाही. घोळक्यातल्या मुली हातातली सरबतं विसरल्या. बाबा परतताना म्हणाले, "करकरतंय, पण बरं करकरतंय."

पुढे अनय मुंबईला गेला, त्याचा बँड झाला, नाव झालं. विलायती गिटारी आल्या. मला राग नाही. अजून तो तीच गोटी बोटात घालून वाजवतो. बाबांच्या डब्यात तिची जागा रिकामी आहे. नट अडला की ते चिडतात, पण दुसरी गोटी आणत नाहीत.

मी आता खुंटीवर असते. रंग उडालाय, दोन तारा गेल्यात. नवमीला बाबा मला पुसतात, पाटावर मांडतात. अनय नवरात्रात फोन करतो. त्याचे कार्यक्रम असतात.

अनय, या नवमीला ये. वाजवलं नाहीस तरी चालेल. संध्याकाळ झाली की बाबा पाटाच्या एका बाजूला हात लावून बसून राहतात रे.