बिनस्टिकरचं बटण

लेकीनं बाबांच्या हातात गेमचा कंट्रोलर पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "यात क्लच कुठाय?"

क्लच नव्हता. आरसे नव्हते, इंडिकेटरही नव्हता. आयुष्यभर शहर बस चालवलेल्या माणसाला ही गाडी म्हणजे थट्टाच वाटली असणार. पण लेक सांगतेय म्हटल्यावर ते बसले. लेक चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायची. बाबांना बाजूचं दिसेनासं झालंय हे सगळ्यांच्या आधी तिच्याच लक्षात आलं होतं आणि डोळे तपासून घ्या म्हणून हात धुऊन मागे लागणारीही तीच. तपासणी झाली आणि डेपोनं त्यांना गाडीवरून उतरवलं. तेव्हापासून बाबा खिडकीशी बसून खालून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरांना नावं ठेवत. ते ऐकून तिला घरात बसवेना. म्हणून हा खेळ.

खेळ होता लढाईचा. दोन टोळ्या, एक ओसाड शहर, बंदुका, बॉम्ब, जीप. बाबांना बंदुकीत काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव जीपवर जडला. लेकीनं चष्म्याच्या नंबराचे रंगीत गोल स्टिकर दुकानातून आणून बटणांवर चिकटवले. हिरवं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, लाल म्हणजे ब्रेक, पिवळं म्हणजे हॉर्न.

"चिखलात वेग कमी करू नका, चाक रुततं. रणगाडा दिसला तर त्याच्या पाठीमागे जा, त्याचं पत्र्याचं अंग तिकडे पातळ असतं. पांढरा धूर आला तर अजून चालेल. काळा आला की गाडी फुटणार."

"आणि हे?" बाबांनी एका कोऱ्या बटणावर अंगठा ठेवला.

"ते आपल्याला लागत नाही."

ते बटण गाडीतून उतरायचं होतं.

ते लपवायची युक्ती लेक ज्या टोळीत ऑनलाइन खेळायची, तिच्या म्होरक्याची. तो बेकरी चालवायचा आणि पाव भट्टीत टाकून झाला की खेळायला यायचा. त्याच्या लक्षात आलं होतं की हॉर्न वाजवत जाणारी जीप दिसली की समोरचे सगळे तिच्यावर तुटून पडतात. तेवढ्यात बाकीच्यांनी मागच्या गल्लीतून जायचं. जीपवाला जितका वेळ आत राहील तितकं बरं. "तुझ्या बाबांना उतरायचं बटण सांगूच नकोस," तो म्हणाला होता. ती हसली होती. नाही म्हणाली नव्हती.

आणि युक्ती चालली. टोळी स्पर्धेच्या एकामागून एक फेऱ्या जिंकू लागली. पोरं बाबांना लाडानं फटाका म्हणू लागली. बाबांना वाटे, आपण जोरात जातो म्हणून. खेळ सुरू व्हायच्या आधी ते जीपभोवती एक चक्कर मारून चारही टायर बघून घेत. ओसाड शहरातल्या बंद सिग्नलला थांबत. म्होरक्या कपाळाला हात लावायचा, पण बोलायचा नाही, कारण फटाका हातचा जाऊन चालणार नव्हता.

एका संध्याकाळी बाबांचे जुने कंडक्टर घरी आले. दोघांनी एका गाडीवर निम्मी नोकरी काढलेली. बाबांनी त्यांना शेजारी बसवून सगळा खेळ दाखवला. जीपला आग लागली, पडदा लाल झाला, गाडी फुटली.

"उडी नाही मारायची?" कंडक्टरकाकांनी विचारलं.

"या खेळात ड्रायव्हरला उतरायची सोयच नाही," बाबा म्हणाले. "गाडी गेली की आपण गेलो. नियम कडक आहे, पण मला पटतो."

"आणि मागे पॅसेंजर?"

"कुणी बसत नाही. वजन वाढलं की वेग कमी होतो. ही म्हणाली तसं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नातवंडांकडेही असले खेळ असणार, उतरायचं बटण असतं हे त्यांना ठाऊक असणार. मग ते बाबांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "सवय अजून गेली नाही तुझी. शेवटचा माणूस फुटपाथला लागेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. मागून गाड्यांनी कितीही बोंब मारली तरी."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाचे कप उचलायच्या निमित्तानं ती आत गेली आणि ओट्याशी उगाच उभी राहिली. परक्या माणसाला फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं. बाबांनी तिच्या शब्दाला नियम मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेची शेवटची फेरी होती. ती दुकानातून येताना निळा स्टिकर घेऊन आली. कंट्रोलर मांडीवर घेऊन तिनं तो कोऱ्या बटणावर चिकटवला.

"बाबा, हे उतरायचं बटण आहे."

"नवीन आलं?"

खोटं बोलायला दार उघडं होतं. नुसतं हो म्हटलं की काम भागलं असतं. तिनं जिभेवर आलेलं हो गिळलं.

"पहिल्यापासून आहे. तुम्ही गाडीत राहिलात की समोरचे तुमच्यामागे लागतात. आम्ही तेवढ्यात मागून जातो. म्हणून सांगितलं नाही."

बाबा त्या निळ्या गोलाकडे बघत राहिले. "पोरांना ठाऊक होतं?"

"हो."

"तुला?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "चल, वेळ झाली. पोरं खोळंबली असतील."

फेरी सुरू झाली. बाबांनी जीपभोवती चक्कर मारली. म्होरक्यानं तिच्या कानातल्या हेडफोनमधून हुकूम सोडला, सगळे मागच्या गल्लीत. ती गल्लीकडे निघाली, थांबली, आणि वळून जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, तू कुठे चाललीस?" म्होरक्या ओरडला. "सगळं घालवशील."

"जाऊ दे," ती म्हणाली.

"धरून बस," बाबा म्हणाले.

जीप निघाली. बाबांनी हॉर्न वाजवला नाही. खड्डे चुकवत, वळणाला वेग कमी करत ते असे चालले होते, जणू मागे म्हातारी माणसं उभी आहेत. पुलाशी पहिली गोळी लागली. पांढरा धूर. मग काळा.

"बाबा, निळं दाबा. उडी मारा."

बाबांनी लाल दाबलं. भर रस्त्यात, गोळ्यांच्या माऱ्यात, त्यांनी जीप कडेला घेतली, पुरती थांबवली आणि ब्रेक धरून ठेवला.

"उतर."

"आधी तुम्ही."

"अगं, उतर म्हणतो ना."

तिनं बटण दाबलं आणि ती भिंतीआड पडली. मागे वळून पाहीपर्यंत जीप फुटली. म्होरक्या काहीतरी तावातावानं बोलत होता. तिनं हेडफोन काढून ठेवला. फेरी गेली, स्पर्धाही गेली. बाबा पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. बाजूचं दिसत नाही म्हणून अख्खी मान वळवून.

"उतरलीस ना नीट?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही का नाही उतरलात? आता तर बटण माहीत होतं."

बाबांनी कंट्रोलर तिच्यापुढे धरला. हिरवा आणि लाल रंग अंगठ्यानं घासून फिका झाला होता. निळा कोराकरकरीत होता.

"हा स्टिकर काढ," ते म्हणाले. "हाताला लागतो. मागे कुणी बसलेलं असताना चुकून दाबला जायचा."

ती नखानं तो खरवडू लागली. कागद सुटला, गोंद काही केल्या निघेना.