बारा महिन्यांचा धूर

चुलीवरच्या तुळईला काजळीचा थर दोन मिलिमीटर जाड होता. रुद्राणीने पट्टी लावून तीनदा मोजला आणि वहीत लिहिला. शिरूर कासारात मोजलेल्या दोनशे बारा घरांपैकी हे शेवटचं, तिचं स्वतःचं. खाली तिची आई बसम्मा पदर तोंडाला लावून खोकत होती.

माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, धुराडं काढायचं सात वर्षं नुसतं घाटत होतं. "माझ्या बापानं घातलेलं माळवद हाय, फोडलं की गळलं," एवढं म्हणून वडील, सिद्धेश्वरअप्पा, दुकानात जाऊन बसत. बीडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या रुद्राणीला वाद घालता येत नसे. म्हणून १९९५च्या उन्हाळ्यात तिने घरं मोजली: खिडक्या, धुराडी, खोकणारी माणसं. कॉलेजच्या संगणकावर त्याचं समीकरण बसवलं, तर उत्तर उलटंच आलं. धुराडं नसलेल्या घरांत खोकला कमी!

तिने ते लपवलं नाही. जेवताना अप्पांना सांगितलं.

"मग धूर औषधी म्हणायचा!" अप्पा बसम्माकडे बघून हसले. "ऐकलं का गं? तुझा दवाखाना चुलीतच हाय."

बसम्माने भाकरी उलटली. "बिनधुराड्याची घरं कुणाची गं, रुद्रा?"

"बरीचशी ऊसतोडीवाल्यांची."

"मग ते सहा महिने घरात असतेत कुठं? दसरा झाला की कारखान्याकडं, उघड्यावर चूल. मी हितं बारा महिने हाय."

रुद्राणीने ताट सरकवून वही ओढली. घराची प्रत्येक भिंत तिने मोजली होती. घरात चूल किती महिने पेटते, हे विचारलंच नव्हतं.

पुन्हा दारोदार फिरून तिने महिने लिहून आणले, समीकरण पुन्हा बसवलं. या वेळी उत्तराचं चिन्ह फिरलं. घरात राहण्याचे महिने सारखे धरले, तर बिनधुराड्याच्या घरात खोकल्याची शक्यता अडीचपट निघाली. अहवालावर तिने आधी आईचं नाव घातलं, मग आपलं.

अप्पांनी अहवालाचं पहिलं पान दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. बायकोचं नाव दोनदा वाचलं. "आमच्या घरच्या बायांनी हुडकलंय हे. बीडच्या बाकी प्रोफेसरांना जमलं न्हाई!"

मुंजाजी गवंडी तंबाखू घ्यायला आला होता. "लई भारी, अप्पा. मग तुमच्याच माळवदाला धुराडं कावून न्हाई?"

दुकानात हशा पिकला. अप्पा हसले नाहीत. दुकानामागच्या घरातून बसम्माचा खोकला ऐकू येत होता. त्यांनी तंबाखूची पुडी बांधून मुंजाजीच्या हातात दिली.

"उद्या सकाळी ये, मुंजाजी," ते म्हणाले, "माळवद फोडायचं हाय."