डाव्या हाताचं रक्त

निळ्या बुचाच्या नळीवर एक बारीक रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत आलंच पाहिजे. नळीच्या तळाशी रक्त गोठू न देणारं औषध आधीच असतं. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, मग गोठायला उगाच उशीर लागतो आणि मशीन खोटा आकडा दाखवतं. आमच्या सिंगा गावच्या इस्पितळातल्या नर्स मुलींना हे मी हजारदा सांगितलंय. तरी माझ्या प्रयोगशाळेत अर्धवट भरलेली नळी आली की मी ती त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकते. त्या पाठीमागे मला ‘रेघवाली’ म्हणतात. म्हणू देत.

त्या साली पाऊस ओसरून डास माजले होते, तेव्हा खार्तूमहून डॉक्टर मुअताझ आले. मलेरियात रक्त शरीरातल्या शरीरात गोठतं आणि परत विरघळतं, आणि त्या भानगडीत गोठवणारी प्रथिनं कमीजास्त होतात. ती मोजून मलेरिया आहे का आणि माणूस किती बिघडणार हे आधीच ओळखता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांना ऐंशी रोगी हवे होते आणि ताडून बघायला चाळीस निरोगी माणसं. रोग्यांना काय तोटा? वॉर्डात एकेका खाटेवर दोघं होते. पण धडधाकट माणूस सुईसमोर हात का धरेल? मग मी घरचेच पकडले.

माझा भाऊ तैयब आणि त्याची बायको इंशिराह आमच्याच अंगणात राहायचे. मीही तिथेच, आईजवळ. दहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, आणि मी माझा तवा-परात उचलून माहेरी आले. त्याला आता सात वर्षं झाली. इंशिराहचाही दोनदा गर्भ पडला होता. दोन्ही वेळा मीच तिला खाऊ-पिऊ घातलं होतं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

ती प्रयोगशाळेत आली ती पिवळ्या टोबमध्ये डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. दिवस गेलेत? नाही, म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. मी उजवा हात मागितला. तिने डावा पुढे केला.

“उजवा दुखतोय, वन्सं. कॉफी कुटून कुटून. तुम्ही पिता किती!”

डाव्या हाताची शीर सापडता सापडेना. दोनदा टोचलं. रक्त थेंबाथेंबाने येत होतं. “हळू हो वन्सं, तुमच्या भावाने सुद्धा एवढा करकचून धरला नव्हता हात,” असं ती म्हणाली आणि मी हसले. त्या हसण्यात मी रेघ नीट पाहिली की नाही, हे मला आता आठवत नाही. ते आठवावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

तिच्या रक्ताची काचपट्टी मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. मलेरियाचा एकही जंतू नव्हता. रक्त गोठायला मात्र सतरा सेकंद लागले. निरोगी माणसाला बारा-तेरा लागतात. मी वहीत चोविसाव्या नंबरापुढे लिहिलं, ‘नळी कमी भरली’. खरं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं. पण ती त्याच संध्याकाळी मामेबहिणीच्या लग्नाला दिंदरला गेली, माझे चाळीस पुरे व्हायचे होते, म्हणून तिच्या जागी मी इस्पितळाच्या ड्रायव्हरचं रक्त घेतलं. त्याच्या शिरा दोरखंडासारख्या जाड, नळी रेघेपर्यंत भरली.

बारा दिवसांनी इंशिराहला पिकअपमधून घरी आणलं ते मेल्यावरच. ताप आला, दोन दिवस लग्नाच्या धावपळीचा म्हणून अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. तिथल्या दवाखान्यातल्या माणसाने कागदावर लिहिलं होतं, मलेरिया, रक्तस्राव. तैयब तो कागद सगळ्यांना दाखवत होता. त्याला वाचता येतं, तरी मला म्हणाला, ताई वाच.

तिला न्हाऊ घालायला मी आणि हाज्जा निमात आत गेलो. गल्लीतल्या सगळ्या बायकांची शेवटची अंघोळ ही हाज्जाच घालते. आईला आत येववेना. सुरुवात उजव्या बाजूने करायची असते, म्हणून मी उजवा हात धरला. मनगटावर लाल रेशमी धागा होता, त्यात निळा मणी. आमच्यात असा धागा नवरीला बांधतात, सुंतेच्या मुलाला बांधतात आणि पोटुशीला बांधतात. इंशिराह नवरी नव्हती.

“कापू का राहू दे?” हाज्जाने विचारलं.

मी कापायला सांगितलं. हाज्जा म्हणाली, बिचारीचा तिसरा महिना संपत आला होता. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाली. तिला माहीत होतं. पुढे कळलं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी पाणी ओतत राहिले. मला काही वाटलं नाही. पाणी फार गार आहे एवढंच वाटलं.

तीन दिवस अंगणात चटया होत्या. बायका येऊन माझ्या गळ्यात पडून आक्रोश करायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि चहा आणायला उठायचे. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. कुणीतरी म्हणालं, काळीज आहे का हिला. असेल बहुतेक.

खार्तूमहून दुसऱ्या तपासणीचा संच तोवर येऊन पडला होता. रक्ताच्या गुठळ्या विरघळल्यावर प्रथिनाचे जे तुकडे मागे राहतात, ते त्याने मोजता येतात. अभ्यासातून टाकून दिलेल्या नंबरांच्या रक्ताच्या कुप्याही आम्ही फ्रीझरमध्ये ठेवत असू. मी चोवीस नंबरची काढली. ही तपासणी बरी असते: नळी कमी भरली असेल तर औषधाने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो, वाढत कधीच नाही. तो कमी यावा म्हणून मी मशीनसमोर उभी राहिले. आयुष्यात मी मुलासाठी दुआ मागितल्या तेवढ्याच जोरात ही मागितली.

आकडा निरोगी माणसाच्या आठपट आला.

डॉक्टर मुअताझनी कागद पाहिला आणि विचारलं, वॉर्डातल्या कुठल्या खाटेचं हे? मी म्हटलं, निरोगी गटातलं. मग त्यांनी बाई गरोदर होती का विचारलं. गरोदरपणी हे थोडं वाढतंच, पण इतकं नाही. आणि तेव्हा जंतू वारेत दडून बसतात, काचपट्टीवर दिसत नाहीत. “तुम्ही विचारलं नव्हतं?” ते म्हणाले. मी सांगितलं, विचारलं होतं. म्हणजे ते सतरा सेकंद खरे होते. तिचं रक्त बारा दिवस आधी सांगत होतं, आणि मी त्याला खोटं ठरवलं.

घरी गेले तर आई खाटेवर बसली होती. तिने मला जवळ बसवलं. म्हणाली की धागा तिनेच बांधला. तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही हेही तिनेच सांगितलं. इंशिराह ऐकत नव्हती, वन्संना सांगू द्या म्हणून मागे लागली होती.

“तुझी नजर वाईट आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही,” आई म्हणाली. “पण उपाशी माणसासमोर ताट घेऊन बसू नये, एवढंच मला वाटलं. रक्त द्यायला निघाली तेव्हासुद्धा मीच म्हटलं, धागा दिसेल, डावा हात दे.”

राग यायला हवा होता. तो कुठेतरी असणार, पण हाताला लागेना.

“सित्तना, खरं सांग. तिच्या रक्तात तुला काही दिसलं होतं?”

“दिसलं होतं. मी ते टाकून दिलं.”

“का गं?”

“नळी कमी भरली असं वाटलं मला.”

आई म्हणाली, “म्हणजे तुझ्या हातून झालं.” आवाजात राग नव्हता. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले होते आणि ती खाटेवर आडवी झाली.

नळी कमी भरली असं का वाटलं, हे तिने विचारलं नाही, आणि डाव्या हाताची शीर नीट सापडली नव्हती हे मी सांगितलं नाही. “हो,” मी म्हटलं, “माझ्या हातून,” आणि तिच्या अंगावर चादर ओढली.